रायबागनचं पहिलं वाक्य

शंकाकार : तुम्हाला रायबागनवर कादंबरी हवी आहे, आणि तीही नुसती लढायांची नको, प्रेमाची हवी. माझी अडचण साधी आहे. या बाईबद्दल पक्कं म्हणावं असं जेवढं ठाऊक आहे, ते एका पोस्टकार्डावर मावेल. माहूरच्या उदाजीरामाच्या देशमुख घराण्यातली ही स्त्री. कर्ता पुरुष गेल्यावर तिनं फौजेची सूत्रं हाती घेतली, मोगलांची चाकरी केली, आणि रायबागन, म्हणजे राजवाघीण, हा किताब मिळवला. शायिस्तेखानानं कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवलं तेव्हा ती त्या फौजेबरोबर होती. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत ती फौज कोंडली, आणि शरण जाण्याचा सल्ला खानाला हिनंच दिला. झालं, पोस्टकार्ड भरलं. तिला कोण आवडायचं, कोणाच्या आठवणीनं तिची रात्र जायची, उंबरखिंडीतून सुटून परत येताना पैनगंगा दिसल्यावर तिला काय वाटलं, यातल्या एकाही गोष्टीबद्दल कागद बोलत नाही. मग पाचशे पानं भरणार कशानं? तुम्ही म्हणाल, कल्पनेनं. पण कागद गप्प आहे म्हणून आपल्याला बोलायचा परवाना मिळाला, हे कोणी ठरवलं? शेजारचा माणूस गावाला गेला म्हणून त्याच्या घरात आपण संसार थाटत नाही.

रसिक : गुरुजी, ते घर रिकामं राहिलंय तरी कुठे? यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीचा माणूस पैनगंगा ओलांडून माहूरला जातो, रेणुकेच्या पायऱ्या चढतो, दत्तशिखरावर जातो, किल्ल्याच्या तटाकडे लांबूनच नजर टाकतो आणि परत येतो. त्या तटाआड कोण राहून गेलं, हे त्याला कोणत्याही कादंबरीनं सांगितलेलं नाही. मराठीतली ऐतिहासिक कादंबरी पुण्याहून निघते, साताऱ्याला मुक्काम करते, फार तर पानिपतापर्यंत जाते. वऱ्हाड तिच्यात येतं ते वसुलीचा मुलूख म्हणून, किंवा निजामाशी तह झाला की त्यातलं एक कलम म्हणून. त्यामुळे वाचकाची समजूत अशी होते की इकडे नुसता कापूस आणि ज्वारी पिकत होती, कोणी कोणावर जीव टाकला नाही आणि कोणाचा जीव कोणी घेतला नाही. न लिहिल्यानंही चुकीचा इतिहास तयार होतो, आणि त्याचा जाब विचारायला कोणी जात नाही, कारण न लिहिलेल्या पुस्तकावर टीका करता येत नाही.

आणि माहूरला सामग्रीची वाण आहे असंही नाही. १६२३ साली बापाविरुद्ध बंड करून निघालेला शहाजादा खुर्रम, जो पुढे शाहजहान झाला, बुऱ्हाणपूर सोडून गोवळकोंड्याकडे पळाला. त्या धावपळीत त्यानं हत्ती आणि जड सामान माहूरच्या किल्ल्यात उदाजीरामाच्या हवाली केलं. त्या प्रवासात त्याच्याबरोबर अर्जुमंद बानू होती. पुढे जिच्यासाठी ताजमहाल उभा राहिला तीच ही. ती तेव्हा राणी नव्हती, पळणाऱ्या बंडखोराची बायको होती, आणि वाटेवर तिच्या बाळंतपणांना खंड नव्हता. पुढे १६३१ साली बुऱ्हाणपूरला बाळंतपणातच ती गेली. ताजमहाल पाहणाऱ्या लाखो लोकांना संगमरवर दिसतो. आमच्याकडच्या कादंबरीकाराला तिची पैनगंगेच्या खोऱ्यातली वाट दाखवता आली असती. प्रेमाची खरी परीक्षा संगमरवरात झाली की या वाटेवर, हा प्रश्न विचारायला कागद लागत नाही, नजर लागते. आणि ज्या घरानं ते सामान सांभाळलं, त्याच घराण्यातली रायबागन. एवढं असताना आम्ही हातावर हात ठेवून बसायचं?

शंकाकार : तुमची नजर चांगली आहे, पण ती कुठे घसरते ते दाखवतो. 'वाटेवर प्रेमाची परीक्षा' हे वाक्य तुम्ही आजच्या माणसाचं बोललात. सतराव्या शतकातल्या शहाजाद्याच्या जनान्याला ती परीक्षा वाटली की नशीब वाटलं, की नुसती दगदग, हे तुम्हाला ठाऊक नाही. तरी ते सोडून देतो. रायबागनकडे येऊ, कारण तिथे तुमच्या आधी एक साहित्यिक जाऊन आलेला आहे. उंबरखिंडीतला तिचा सल्ला आपल्यापर्यंत पोचला तो मुख्यतः 'शिवभारता'तून. कवींद्र परमानंदाचं हे संस्कृत काव्य १९२७ साली पुण्यात छापलं गेलं. त्यात ती कारतलबखानाला चांगलं सुनावते. सिंहाच्या रानात घुसलास, आता गर्व टाक आणि शरण जा, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. आता विचार करा. खिंडीच्या त्या टोकाला, मोगलांच्या गोटात, एक बाई आपल्या सेनापतीशी काय बोलली हे शिवाजी महाराजांच्या पदरच्या कवीनं कुठून ऐकलं? त्यानं ते रचलं. आणि कोणासाठी रचलं? विजयी राजाच्या दरबारासाठी. शत्रूच्या गोटातल्या स्त्रीच्या तोंडून राजाची थोरवी वदवली की ती दुप्पट वजनाची होते, हे त्याला चांगलं माहीत होतं. तुम्ही ज्याला पुरावा म्हणून हातात धरता तोच मुळी रचलेला संवाद आहे. त्यावर तुम्ही आणखी एक मजला चढवणार.

हे एकदाच घडलेलं नाही. हरी नारायण आपट्यांनी 'गड आला पण सिंह गेला' लिहिली, तीत उदयभानूच्या तावडीत सापडलेली कमलकुमारी नावाची रजपूत स्त्री आणली. कथेला गाठ हवी होती, वाचकाच्या काळजाला हात घालायला एक स्त्री हवी होती. समकालीन कागदांत तिचा पत्ता नाही. पण शंभर वर्षांहून अधिक काळ ती मराठी मनात राहिली, आणि २०२० साली तानाजीवर हिंदी चित्रपट आला तेव्हा त्यातही उदयभानूच्या कैदेत एक रजपूत स्त्री हजर होती. तीच गत किल्ल्याच्या नावाची. तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं पोरासोरांनाही पाठ असतं. प्रत्यक्षात लढाई १६७० ची, आणि १६६३ सालच्या पत्रातच 'सिंहगड' हे नाव येतं. आपट्यांनी मुद्दाम खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की रम्य गोष्ट एकदा बसली की पत्र कितीही अस्सल असो, तिला उठवू शकत नाही. उद्या तुम्ही रायबागनला एखादा प्रियकर दिलात, तर वीस वर्षांनी माहूरचा वाटाड्या किल्ल्यावर त्याची जागा दाखवायला लागेल.

रसिक : दाखवेल, यात शंका नाही. आणि तरीही मी मागे हटणार नाही, कारण तुमच्या युक्तिवादात एक गृहीत लपलेलं आहे. कागद निर्मळ आहे, तो कोणाच्या बाजूचा नाही, आणि कादंबरीकारच काय तो त्यात भेसळ करतो, असं तुम्ही धरून चाललात. मस्तानीचं पाहा. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर काढले. एवढ्या मोठ्या ढिगात मस्तानी किती येते? आणि येते तेव्हा कोणत्या शब्दांच्या संगतीत येते? कैद, चौकी, पहारा, सोडावी की न सोडावी. ज्यांनी तिला अटकेत ठेवलं, ज्यांना तिची अडचण वाटत होती, त्यांच्या हातची ही पत्रं आहेत. तिच्या हातचं एक पत्र नाही. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला नर्मदाकाठी गेला आणि पाठोपाठ तीही गेली. पाबळला तिची कबर आहे. आता तुम्ही म्हणता, कागद जेवढं सांगतो तेवढंच बोला. म्हणजे तिच्या पहारेकऱ्यांनी जेवढं सांगितलं तेवढंच बोला. हा तटस्थपणा झाला का? १९७२ साली ना. सं. इनामदारांनी 'राऊ' लिहिली, ती या पहाऱ्याच्या बाहेर उभं राहून. त्यातला संवाद त्यांचा आहे, प्रसंगही बरेच त्यांचेच आहेत. पण मस्तानीला मन होतं, एवढं विधान त्यांनी केलं, आणि ते विधान त्या ४५ खंडांतल्या कोणत्याही पत्राइतकंच खरं आहे.

इनामदारांची कादंबऱ्यांची यादीच पाहा ना. 'झेप' त्रिंबकजी डेंगळ्यावर, 'झुंज' यशवंतराव होळकरावर, 'मंत्रावेगळा' दुसऱ्या बाजीरावावर, 'शहेनशहा' औरंगजेबावर. ज्यांना शाळेच्या पुस्तकानं कोपऱ्यात उभं केलं, किंवा ज्यांच्याकडे मराठी माणूस प्रेमानं पाहूच शकत नव्हता, त्यांच्याकडे हा लेखक मुद्दाम गेला. ही प्रेरणा वकिलाची आहे म्हणा हवं तर. पण आरोपीच्या बाजूनं कोणीच उभं राहिलं नाही, तर निकालाला काय किंमत?

शंकाकार : वकिलाची उपमा तुमचीच आहे, म्हणून तीच धरून विचारतो. वकील अशिलाला सोडवतो कशाच्या जोरावर? मस्तानीची सुटका कोणत्या जामिनावर झाली? बाजीरावाच्या. थोरला बाजीराव तिच्यावर लुब्ध झाला म्हणून कादंबरीकाराला ती दिसली. तिचा मुलगा समशेर बहादूर पानिपतात लढून गेला, त्याच्यावर कोणाचं पाचशे पानी प्रेम बसलेलं मी पाहिलं नाही. ऐतिहासिक प्रणयकथा बाईला कागदाच्या कैदेतून काढते आणि पुरुषाच्या नजरेच्या कैदेत नेऊन ठेवते. तिथे दिवे जास्त असतात एवढाच फरक.

आणि 'राऊ' तरी अपवाद. मराठी ऐतिहासिक कादंबरीतलं प्रेम बहुतेक वेळा कुंकू लावूनच येतं. १९६२ सालची रणजित देसायांची 'स्वामी' घ्या. १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, आणि माधवराव-रमा ही जोडी घराघरांत पोचली. का पोचली? क्षयानं झिजणारा तरुण पेशवा, त्याच्या उशाशी बसलेली बायको, राज्याचा भार, थेऊरचा गणपती. शेवट ठाऊक असतो, तरी वाचक थांबत नाही. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव थेऊरला गेले आणि रमाबाई सती गेल्या. इथे मी थांबतो, कारण वाचक इथे थांबत नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि एका तरुण बाईचं जिवंत जळणं त्याला प्रेमाची पूर्तता वाटतं. ती स्वतःच्या इच्छेनं गेली असेलही. इच्छा कशी घडवली जाते हा निराळा विषय. पण ज्या साहित्यप्रकाराला चिता हा सुंदर शेवट वाटू शकतो, त्याच्या हाती मी माहूरच्या विधवेला का सोपवू? जी पतीमागे जगली, घोड्यावर बसली, जिनं फौज चालवली, तिला तुमची प्रेमकथा कुठे बसवणार?

रसिक : हा घाव बसला, मान्य करतो. थेऊरची चिता मलाही आता पूर्वीसारखी वाचता येत नाही. पण तुम्ही एका पुस्तकाच्या शेवटावरून सगळ्या प्रकाराचा निकाल लावता. इनामदारांचीच 'शिकस्त' पाहा, १९८३ सालची. विषय पार्वतीबाईंचा, सदाशिवरावभाऊंच्या पत्नीचा. १४ जानेवारी १७६१ नंतर भाऊ परत आले नाहीत. सगळ्या पुण्यानं ते गेल्याचं मानलं, या बाईनं मानलं नाही. वैधव्य घेतलं नाही. मग भाऊंचा तोतया उभा राहिला, राज्य हादरलं, १७७६ साली त्याला मारलं गेलं, आणि पार्वतीबाई १७८३ साली गेल्या त्या सौभाग्यवती म्हणूनच. ही कादंबरीकाराची रचना नव्हे, इतिहासच आहे. बावीस वर्षं एका बाईनं संपूर्ण शहराच्या शहाणपणाला नकार दिला. त्याला प्रेम म्हणा, हट्ट म्हणा, किंवा केशवपन टाळायची एकमेव वाट म्हणा. या तिन्हींतलं नेमकं काय, हे इतिहासकार सांगू शकत नाही, आणि तसं सांगणं त्याचं कामही नाही. पण हे तिन्ही अर्थ एकाच बाईच्या एकाच दिवसात एकत्र नांदू शकतात, हे कादंबरीच दाखवू शकते. तेव्हा प्रणयकथा बाईला चितेवरच नेते, असं नाही. ती बाईच्या नकाराशेजारीही बसते.

आणि लेखकाच्या प्रेरणेचं म्हणाल तर ती दर वेळी बाजारातून येते असंही नाही. नाथमाधवांचं आयुष्य आठवा. द्वारकानाथ माधवराव पितळे, जन्म १८८२ चा, मुंबईचा. कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात नोकरी आणि शिकारीचा नाद. १९०५ च्या सुमारास सिंहगडावर शिकारीला गेले, कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. तेविशीच्या आगेमागे. उरलेलं आयुष्य, ४६ व्या वर्षी जाईपर्यंत, हा माणूस पडून वाचत आणि लिहीत राहिला, आणि त्यानं मराठी वाचकांना घोडदौडी दिल्या, कडे चढून जाणारे मावळे दिले. ज्या गडानं पाय नेले त्याच गडांवर त्याची लेखणी चढत राहिली. याला तुम्ही काय म्हणाल?

शंकाकार : कादंबरी म्हणेन. रागावू नका, पण आत्ता तुम्ही केलंत तेच मला इतका वेळ दाखवायचं होतं. एका खऱ्या माणसाच्या आयुष्यातले दोन बिंदू घेतलेत, अपघात आणि ऐतिहासिक कादंबऱ्या, आणि त्यांच्यामध्ये एक सुरेख रेघ ओढलीत. ती रेघ कागदावर नाही. तारखा लावून पाहू. अपघात १९०५ च्या सुमाराचा. पहिली कादंबरी 'प्रेमवेडा' १९०८ ची. मग 'सावळ्या तांडेल', मग 'वीरधवल' हे अद्भुतरम्य कथानक, मग 'डॉक्टर' ही सामाजिक कादंबरी. 'स्वराज्याचा श्रीगणेशा'पासून सुरू होणारी शिवकालाची माला १९२१ पासून पुढची. म्हणजे मध्ये पंधरा-सोळा वर्षं गेली. कड्यावरून पडण्यानं त्यांना बसून लिहायला लावलं, एवढं म्हणता येईल. शिवकालात पाठवलं असं म्हणता येणार नाही. शिवकालात पाठवणारं कारण त्या मालेच्या नावांतच आहे: स्वराज्य. टिळक १९२० साली गेले, गांधींचं आंदोलन उभं राहत होतं, आणि हा शब्द चहाच्या दुकानापासून सभेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होता. वाचकाला १९२१ चं स्वराज्य हवं होतं. ते उघड मागणं धोक्याचं होतं, सतराव्या शतकाच्या वेशात मागणं सोपं होतं.

आपट्यांचंही तेच. 'उषःकाल' १८९५ ते १८९७ या काळात 'करमणुकी'त क्रमशः आली. आठवडा भरला की मजकूर द्यायचा. प्रेरणा-प्रेरणा म्हणतो आपण, पण छापखान्याचा माणूस दारात उभा असणं हीसुद्धा प्रेरणाच. तिच्याबद्दल कोणी भाषण करत नाही. १९१२ साली आपट्यांनी तुमच्या वऱ्हाडात, अकोल्याला, साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. तोवर पुण्याची ऐतिहासिक कादंबरी इकडच्या वाचकाच्याही ओळखीची झाली होती. पण त्या कादंबरीत वऱ्हाड आलं नाही, ही तुमची तक्रार मात्र खरी आहे.

थोडक्यात, या कादंबऱ्या पुरावा आहेतच, पण लिहिल्या गेल्या त्या काळाचा. नाथमाधव वाचून १९२० चं दशक कळतं. १६४० चं दशक कळल्यासारखं वाटतं, आणि तिथेच धोका आहे.

रसिक : रेघ मी ओढली, ती तुम्ही पुसलीत, बरं झालं. पण पुसताना तुम्ही माझ्याच बाजूचं काहीतरी हाती दिलंत. प्रत्येक काळ भूतकाळाला स्वतःचा प्रश्न विचारतो, असं तुम्ही दाखवून दिलं. १८९७ नं विचारला, १९२१ नं विचारला. तसंच १९६२ नं 'स्वामी'तून विचारला असेल, की कर्तबगार माणूस इतक्या लवकर का जातो. मग आजच्या यवतमाळ जिल्ह्यानं आपला प्रश्न का विचारू नये? आणि आजचा प्रश्न स्वराज्याचा नाही. घरचा कर्ता गेल्यावर मागे राहिलेली बाई जमीन, कर्ज, भाऊबंदकी आणि सरकारदरबार कशी सांभाळते, हा या जिल्ह्याचा प्रश्न आहे. त्याचं कारण तुम्हाला सांगायला नको. रायबागनजवळ त्याचं उत्तर नसेल, पण तो प्रश्न तिच्याही दारात उभा राहिला होता.

म्हणून मी तिची प्रेमकथा म्हणतो तेव्हा तिला प्रियकर शोधायला निघालेलो नाही. सतराव्या शतकातल्या देशमुखाचं प्रेम कशावर होतं? वतनावर. भाऊ भावाच्या जिवावर उठायचा तो वतनासाठी, आणि पिढ्यान्‌पिढ्या करीने, महजर, साक्षी गोळा करत राहायचा तेही वतनासाठीच. हा शब्द आज आपण नाक मुरडून उच्चारतो, पण त्यात घर होतं, गाव होतं, पूर्वजांची हाडं होती, मान होता. माहूरचा तट, पैनगंगेचं पाणी, देशमुखीचा शिक्का यांवर जिचा जीव जडला, आणि ते राखायचं तर दिल्लीची चाकरी करणं भाग होतं, अशा बाईची गोष्ट प्रणयकथा का होऊ शकत नाही? तिच्यात विरह आहे: पुण्यापलीकडे, सह्याद्रीच्या खिंडीत, आपल्या मुलखापासून शेकडो मैल दूर. तिच्यात निष्ठा आहे, आणि ती निष्ठा चुकीच्या धन्याशी आहे असं आज आपल्याला वाटतं, ही त्या गोष्टीची धार.

शंकाकार : आता तुम्ही बोलताय ते मला पटायला लागलंय, म्हणून जास्त काळजी वाटते. अशी कादंबरी तुम्ही लिहिलीत, तर तिच्या पहिल्या वाचकाला काय हवं असेल? त्याला हवं असेल की उंबरखिंडीत महाराजांना पाहून तिचं मन पालटलं. निदान डोळ्यांत आदर दाटला, निदान तिनं परतताना मागे वळून पाहिलं. परमानंदानं ते अर्धं देऊन ठेवलंच आहे. तुम्ही ते दिलंत तर तुमची वाघीण पुन्हा दुसऱ्याच्या आरशात पाहते. न दिलंत, तिला शेवटपर्यंत मोगलांची सरदार ठेवलंत, आणि शरण जायचा सल्ला हा तिच्या लेखी भक्तीचा नसून फौज आणि वतन वाचवायचा थंड हिशेब होता असं लिहिलंत, तर तुम्हाला विचारलं जाईल की तुम्ही कोणाच्या बाजूचे. मला वाटतं हा हिशेबच खऱ्याच्या जवळचा आहे. पण तो थंड हिशेब प्रणयकथेत बसतो का? प्रणयकथा वाचकाकडून विश्वास मागते. शंका आली की ती मोडते.

रसिक : शंकेला जागा देऊन पाहिलीय आपल्याकडे. रणजित देसायांच्याच 'श्रीमान योगी'च्या दारात नरहर कुरुंदकरांचं लांबलचक पत्र प्रस्तावना म्हणून उभं आहे. माहूर ज्या जिल्ह्यात, त्याच नांदेडला शिकवणारा हा माणूस. कादंबरीकारानं आपल्या सगळ्यात कडक वाचकाला पुस्तकाच्या आत घेतलं, साधनांची चिकित्सा आणि नायकाची मूर्ती एकाच बांधणीत ठेवली. दुसऱ्या कोणत्या भाषेत हे असं झालंय?

शंकाकार : दारात उभं आहे, घरात नाही. किती वाचक ती प्रस्तावना ओलांडून थेट पहिल्या प्रकरणावर जातात, तुम्हीच सांगा. शंका प्रस्तावनेत आणि विश्वास कादंबरीत, अशी वाटणी करून प्रश्न सुटत नाही. ते दोन भाऊ एकाच घरात वेगळे निघाले एवढंच. मी जे मागतोय ते अवघड आहे. गोष्टीच्या आतच, भर प्रसंगात, वाचकाच्या पायाला कळलं पाहिजे की इथपर्यंत दगडी जोतं होतं, इथून पुढे लाकडाचा माळा आहे. आणि तरी त्यानं माळ्यावर यावं. हे जमलेली मराठी ऐतिहासिक कादंबरी मला आठवत नाही. जमणार नाही असं मी म्हणत नाही. तुम्ही एक सांगा, त्यावरून मला अंदाज येईल. खिंडीत ती पहिल्यांदा तोंड उघडते, तेव्हा कोणत्या भाषेत बोलते? परमानंदानं तिला संस्कृत बोलायला लावलं. देसाई-इनामदारांच्या पेशवाईतली माणसं पुण्याचं मराठी बोलतात. खानाशी ती दख्खनीत बोलली असेल, कारकुनाशी फारसी शब्दांनी भरलेल्या मराठीत, आणि माहूरहून बरोबर आलेल्या दासीशी आपल्या वऱ्हाडीत.

रसिक : दासीशी वऱ्हाडीत, हे मी ठरवलंय. तिथे मला कोणाचा कागद नको आणि कोणाची परवानगीही नको. खानाशी बोलते तेव्हा मात्र अडतं. तिथे ती काय म्हणाली हे परमानंदानं आधीच लिहून ठेवलंय, ते रचलेलं आहे हे तुम्ही मला पटवलंय, आणि त्याखेरीज दुसरं काही हातात नाही. ते वाक्य मी तसंच ठेवावं आणि ते तिचं नाही हे तिच्याच चेहऱ्यावर दाखवावं, की तिथे तिला गप्पच ठेवावं आणि खानानं नुसतं तिच्याकडे पाहावं?

शंकाकार : गप्प ठेवलंत तर तुम्हीही चौकी-पहारा लिहिणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसता. हे तुमचंच म्हणणं, मस्तानीच्या वेळचं.

रसिक : आणि बोलायला लावलं तर परमानंदाच्या रांगेत. म्हणून तर गुरुजी, दासीपर्यंतचं सगळं लिहून झालंय आणि खान अजून खिंडीत तहानलेला उभा आहे.